राखणदाराच्या पायाखालची केबल

रस्ता खोदायची मशीन धारगळच्या बाजूने येताना दिसली की माझं डोकं फिरायचं. आमच्या वाड्यावरच्या सगळ्या घरांचं इंटरनेट त्याच रस्त्याच्या कडेने, जमिनीखालून येतं आणि ती केबल सांभाळणं हे माझं काम. कंपनीने वर सिमेंटचे खुणेचे दगड पुरलेत. त्यांवर ‘खाली केबल आहे, खोदू नये’ असं ठळक लिहिलंय. वाचतंय कोण? नळवाले खोदणार, वीजवाले खोदणार आणि शिव्या मला.

शेवटी मी चंद्रावतीकाकीकडे गेलो. काकी चित्रशाळेत गणपतीचे डोळे आखते. मूर्ती कुणीही करो, पेडण्यात डोळे म्हणजे काकीच्याच हातचे.

"काकी, चिंचेकडच्या खुणेच्या दगडार राखणदार काढून दी. देवार कोण कुदळ मारूचो नाय."

ब्रश न थांबवता ती म्हणाली, "देव म्हणजे तुझो बोर्ड न्हय रे, गौरेश. एकदा डोळे उघडले की तो खराच राखणीक बसता. त्याच्या पायाखाली राखण्यासारखा काय तरी कायम असाक व्हया. नसलेल्याची राखण देवाक लावतलंस, तर माका सांगू नको."

"असतला. शब्द देतंय," मी म्हणालो. केबल काय पळून जाणार होती?

काकीने दगडाला चुना दिला. मग खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात जाड वहाणा असा गावाची फेरी मारणारा राखणदार उतरला. केबलीत काचेचे धागे असतात आणि त्यांतून उजेड धावतो, एवढंच मी तिला सांगितलं होतं. तिने वहाणांखालून एक बारीक पिवळी रेघ ओढली. डोळे शेवटी काढले, श्वास रोखून. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. पण ते धागे मी रोज सोलतो, जोडतो, तुटले की चिडतो. ते सुंदर आहेत हे मला त्या दगडापुढे कळलं. काकीच्या हाताला तोड नाही.

लोक तिथे नारळ ठेवू लागले. मग नळाची मशीन आली. ती चालवणारा सावंतवाडीचा बाबली खाली उतरला, हात जोडले आणि त्याने मला फोन लावला. "दादा, हयसर देव असा. खाली काय असा तां आदी सांग, मगे खणतंय." केबल वाचली.

यंदा कंपनीने केबल रस्त्यापलीकडच्या नव्या पाइपातून न्यायचं ठरवलं. मी नवी केबल ओढायला घेतली. जुनी कापायला राखणदाराजवळ बसलो आणि हात चालेना. आता त्याच्या पायाखाली नुसती माती राहणार. लोक नारळ ठेवणार, आणि हा डोळे उघडे ठेवून रिकाम्या जमिनीची राखण करणार. काकीला दिलेला शब्द मीच मोडत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

मी साहेबांना फोन केला. "साहेब, केबल एका ठिकाणी रस्ता ओलांडून अलीकडे आणतो. चिंचेकडच्या दगडाखालून वळवून परत नेतो."

"कशाला? तिथे घरं आहेत?"

"नाहीत."

"मग काय आहे?"

"राखणदार बसलाय. त्याला मीच बसवलंय."

साहेब म्हणाले, "तेवढी जास्तीची केबल आहे का तुझ्याकडे?"