बोट टेकताच मिटणारी यादी

दुपारी बारा वाजता मूत्रपिंड प्रतीक्षायादीची मासिक नोंद बंद झाली. मामांचं नाव 'सक्रिय'मधून 'स्थगित'मध्ये गेलं.

नियम साधा होता. मूत्रपिंडाची वाट पाहणाऱ्या रुग्णाने दर महिन्याला रुग्णालयाच्या संकेतस्थळावर आपण उपलब्ध असल्याचं कळवायचं. न कळवणाऱ्याला त्या महिन्यात शस्त्रक्रियेचं बोलावणं नाही. चार वर्षांत मामांनी एकही महिना चुकवला नव्हता. या वेळी फरक एवढाच, की संकेतस्थळाचा मेनू नवा होता आणि तो त्यांच्या भाच्याने बनवला होता.

अकरा वाजता मामांनी भाच्याला ऑफिसात फोन केला होता.

"अरे, मेनूतल्या 'रुग्णांसाठी'वर बोट लावलं की यादी दिसते न दिसते तोच गायब. तुझं दुकान उघडतंय की मिटतंय?"

भाच्याने कॉम्प्युटरवर पान उघडलं, खिडकी फोनएवढी अरुंद केली, त्या शब्दावर माउस नेला. यादी खाली आली. तिच्यात 'मासिक नोंद' होती.

"माझ्याकडे चालतंय, मामा. तुमची बोटं लेथवर राठ झालीत, स्क्रीनला कळत नसतील."

"चाळीस वर्षं याच बोटांनी सुताचा फरक ओळखलाय. त्यांना नावं ठेवू नकोस."

"मग मामीला लावायला सांगा."

"तिनेही लावून पाहिलं. आता तिचीही राठ म्हण."

"सावकाश करा, होईल," म्हणून त्याने फोन ठेवला.

बारा वीसला मामीचा फोन आला. "झालं बघ बंद," ती म्हणाली. "रुग्णालयाचा नंबर सारखा एंगेज. हे भिंतीकडे तोंड करून पडलेत."

फोन कानावरून काढला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की त्या फोनवर आपण हे पान एकदाही उघडलेलं नाही. त्याने उघडलं, बोट टेकलं. यादी लुकलुकली आणि पान पुन्हा पहिल्यापासून आलं.

कारण सापडायला वीस मिनिटं लागली. माउसचा बाण शब्दावर नुसता थांबला की यादी उघडावी, असं त्याने लिहिलं होतं. बोट तसं थांबत नाही. ते टेकलं की फोन शब्दामागची लिंक दाबली असं समजे आणि पान नव्याने आणे. खिडकी कितीही अरुंद केली तरी माउस तो माउसच. त्याने लिंकच्या जागी बटण केलं, दाबल्यावर यादी उघडेल असं लिहिलं. नऊ ओळी. एक पस्तीसला दुरुस्ती संकेतस्थळावर चढली.

मग त्याने संकेतस्थळाला कोण कुठून भेट देतं त्याच्या नोंदी काढल्या. मेनू बदलून बारा दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत 'मासिक नोंद'पर्यंत फोनवरून एकही माणूस पोचला नव्हता. या महिन्यात स्थगित झालेली नावं सदतीस होती.

त्याने रुग्णालयाच्या समन्वयक बाईंना फोन करून चूक आपली असल्याचं सांगितलं.

"कुणाची ते नंतर बघू. यादी सव्वाबारालाच पुढे गेलीय. बदलायची तर समितीची सही लागते. अर्ज टाकते, शब्द देत नाही."

"त्यात माझे मामा आहेत."

"सदतीसही जण कुणाचे ना कुणाचे आहेत."

शेवटी त्याने मामांना फोन लावला. "मामा, आता उघडतंय. चूक माझी होती."

"बोटांची नव्हती ना?"

"नव्हती."

"बरं," मामा म्हणाले आणि फोन बंद झाला.

पाच चाळीसला मामांची नोंद फोनवरून आली. पुढे शेरा होता: मुदतीनंतर. सहा वाजेपर्यंत समितीचं उत्तर आलेलं नव्हतं.