फळीमागची हिमचिमणी

गिर्यारोहकांच्या मुक्कामासाठी असलेलं आमचं डोंगरावरचं घर जूनमध्ये उघडतं. पहिलं काम फटी बुजवण्याचं, कारण हिवाळाभर वारा बारीक बर्फ माळ्यावर लोटतो. फटीत मेंढीची लोकर ठासायची आणि वर फळी ठोकायची. माझ्या नवऱ्यानं, याखेननं, छताखालची मोठी फट सकाळीच बुजवली.

दुपारी सासूबाई अंगणात कपडे वाळत घालताना थबकल्या. एक पक्षी चोचीत किडे धरून त्या फळीसमोर फडफडत होता. डोकं करडं, गळा काळा, पंख उघडले की पांढरेशुभ्र. बसायला जागा न मिळाल्यानं तो खडकावर जाई आणि पुन्हा येई.

"याखेन! हिमचिमणीची पिल्लं कोंडलीस तू!"

"आई, हिमचिमणीची चोच पिवळी असते. हिवाळाभर रोपवेच्या स्टेशनवर माझ्या पायांत घोटाळतात त्या. याची चोच काळी आहे."

"विणीचे दिवस आले की काळी होते, शहाण्या! नवं छत घातल्यापासून एकही फिरकली नव्हती. यंदा आली, तर तू दार लावून मोकळा!"

याखेननं माझ्याकडे पाहिलं.

"खरंय," मी म्हटलं. "तीच चिमणी आहे."

तो शिडीवर चढला. खिळे करकरत निघाले, मग लोकर निघाली. त्यानं फटीला कान लावला आणि मान हलवली. आत काहीच आवाज नव्हता.

"हात घालू नकोस," मी म्हटलं. "शिडी काढ आणि इकडे ये."

आम्ही लाकडांच्या ढिगामागे उभे राहिलो. सासूबाईंच्या हातातला ओला सदरा पिळून पिळून दोरखंडासारखा झाला होता. पक्षी फटीच्या काठावर बसला, इकडेतिकडे पाहून आत गेला.

मग आतून कर्कश चिरचिराट उठला.

"ओरडतायत मेली!" सासूबाई ओंडक्यावर बसल्याच. "केवढी ओरडतायत!"

"उपाशी ठेवलं ना मी," याखेन कानामागे खाजवत म्हणाला. "आता फट तशीच राहू दे. पिल्लं उडाली की मग माळ्यात शिरून घरट्याच्या मागे ठोकतो फळी. बर्फ तिकडे अडेल."

"सकाळी कुठे गेलं होतं हे डोकं?"

तेवढ्यात पक्षी बाहेर आला. चोचीत पिल्लाच्या शीची पांढरी गोळी होती. ती त्यानं दूर दरीवर नेऊन टाकली.

"बघ, आल्या आल्या साफसफाई," सासूबाई म्हणाल्या.

"तुझ्याच वळणावर गेलाय," याखेन म्हणाला, आणि त्यांनी तो पिळलेला सदरा त्याच्या पाठीत हाणला.