खालच्या दुकानात गेलेलं पाणी

सगळे तिला भिंगरी म्हणायचे. लहानपणापासून एका घरी कधी टिकली नाही, म्हणून कुणीतरी चेष्टेत ठेवलेलं नाव. सांभाळणारी कुटुंबं बदलत गेली आणि अठरा पूर्ण झाल्यावर सांभाळणारं कुणीच उरलं नाही. तेव्हा तिला त्या घरांत ठेवणाऱ्या संस्थेनं अशाच मुलामुलींसाठी ठेवलेल्या इमारतीत एक खोली दिली. दार तिचं, चावी तिची. तळमजल्यावर एक ताई राहायच्या. नोकरीचं बघायच्या, आजारपणात सोबत करायच्या, बाकी ज्याचं त्यानं.

खोली मिळाली तरी भिंगरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. मागच्या एका घरी तिच्या हातून कपाटाची काच फुटली होती आणि आठवड्याच्या आत तिची रवानगी झाली होती. काचेमुळे, असं कुणी म्हणालं नाही. काचेमुळे नाही, असंही कुणी म्हणालं नाही. इथे ती ओटा दोनदा पुसायची, रेडिओ पुटपुटल्यासारखा लावायची.

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी नव्हतं. तिनं नळ फिरवून पाहिला आणि घाईत तसाच सोडून बेकरीत कामाला गेली. दुपारी परतली तर दाराखालून पाणी वाहत होतं. मोरीच्या जाळीवर मोजा अडकला होता आणि सगळी खोली घोटाभर पाण्यात. तिनं धावत जाऊन नळ बंद केला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तिनं कडी लावली.

"आत कोण आहे? माझ्या दुकानात पाणी गळतंय." खालच्या दुकानात कपडे शिवणारे टेलरकाका होते.

ती भिंतीला चिकटून उभी राहिली. काकांनी पुन्हा दार ठोठावलं, कुणाला तरी बोल लावत खाली गेले. बोल कुणाला, ते तिला कळत होतं.

मग तिनं जे येत होतं ते केलं. बॅग भरली. कपडे, टॉवेल, कामावरचा एप्रन. कुणी काढण्याआधी आपणच निघालेलं बरं. पण जिन्यात आल्यावर पाय पुढे उचलेनात, कारण जायचं कुठे हेच ठरलं नव्हतं. ती पायरीवर बसली.

ताई वर आल्या. हातात बादली होती.

"कुठे निघालीस?"

"तुम्ही सांगाल तिथे."

ताईंनी बादली पायरीवर ठेवली. मग म्हणाल्या, "मी सांगेन तिथे? बरं. आधी खोलीत चल, पाणी काढू. मग टेलरकाकांकडे जाऊ."

"ते फार चिडलेत."

"चिडणारच. दार का नाही उघडलंस?"

तिनं मान खाली घातली.

काका खरंच चिडले होते. शाळेचे गणवेश उद्या द्यायचे होते आणि वरचा ढीग चिंब झाला होता. "नळ राहिला, होतं कधी कधी," ते म्हणाले. "पण मी ओरडतोय आणि तू आत गप्प? दार उघडलं असतंस तर निम्मे शर्ट तरी वाचले असते."

"चुकलं माझं," भिंगरी म्हणाली. "मी इस्त्री करून देते."

"येते का?"

"येते."

ती संध्याकाळपर्यंत शर्ट वाळवत, इस्त्री करत राहिली. एक कॉलर करपता करपता वाचली तेव्हा तिनं चोरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं होतं, पण नुसता पुढचा शर्ट तिच्याकडे सरकवला.

वर जाताना तिनं ताईंना गाठलं. "मग मी कधी जायचं?"

"कुठे?"

"इथून."

"नळ उघडा राहिला म्हणून कुणी इथून जात नाही, बाई."

"आणि पुन्हा असं झालं तर?"

"तर आधी सगळ्या इमारतीचं पाणी बंद होतं तो मेन कॉक फिरवायचा, मग मला हाक मारायची. कॉक कुठे आहे, ठाऊक आहे?"

तिला ठाऊक नव्हतं. ताईंनी जिन्यामागे नेऊन दाखवला, गंजलेला, घट्ट. भिंगरीनं दोन्ही हातांनी फिरवून पाहिला. पहिल्यांदा हलला नाही. तिनं पुन्हा जोर लावला.