झाकणावरचे नाव

मित्रांनो, आबांनी माझ्यातला शेवटचा घास खाल्ला, तो दिवस रोजच्यासारखाच होता. त्यांच्या लेकीने, सुकन्याने, सकाळी माझ्या खालच्या पुडात वांग्याचे कालवण भरले, वर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"कडी नीट लाव. काल पिशवी बरबटली," आबा म्हणाले.

"काल तुमीच लावली होती."

आबा हसले आणि मला सायकलला अडकवून साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला गेले. संध्याकाळी मी रिकामा होऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठलेच नाहीत.

मी तीन पुडांचा, स्टीलचा जुना डबा आहे. भवानीनगरजवळच्या या घरात मी आलो, तेव्हा सुकन्या नुकतीच बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला लागली होती. आबांनी दुकानातच माझ्या झाकणावर लेकीचे नाव घालून घेतले. मशीन घरघरत होते आणि आबा एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते. रोज तिची आई, सिंधुबाई, मला भरून एसटीच्या कंडक्टरकडे देई. बारामतीच्या स्टँडवर सुकन्या मला उतरवून घेई. तिचा डबा उघडला की अख्ख्या खोलीला कळते, असे मैत्रिणी म्हणत. तेव्हा मला फार भारी वाटे.

ती पहिल्या वर्गात पास झाली. पुण्याला एम.एस्सी.च्या यादीत तिचे नाव लागले. पण घराचे बांधकाम अडले होते आणि इंदापूरच्या एका पतसंस्थेत जागा निघाली होती. आबा तिला म्हणाले, "यंदाच्याला थांब. पुढच्या साली मी सोता तुला पुण्याला सोडतो."

ती थांबली. मी तिच्याबरोबर इंदापूरला जाऊ लागलो. दुपारी जेवताना ती पुस्तक उघडून बसे. एकदा पुस्तकावर आमटी सांडली, तर ते पान तिने माझ्या झाकणावर वाळवले. पुढचे साल आले. घरावर स्लॅबही आला. आबा काही बोलले नाहीत. तिनेही विषय काढला नाही. बापाला त्याच्या शब्दाची आठवण करून द्यायची, हेच तिला पटत नव्हते.

मग धाकटा सूरज बारावी झाला. मार्क बेताचेच होते, तरी पुण्यात इंजिनिअरिंगला त्याची सोय झाली. सुकन्याने एम.एस्सी.साठी म्हणून पगारातून साठवलेली ठेव त्यासाठीच मोडली गेली. बाजाराच्या दिवशी आबांनी मला नाव घालणाऱ्याकडे नेले.

"आधीचं नाव घासू का?" त्याने विचारले. "लेकीचं लगीन झालं वाटतं, आबा?"

"व्हय," आबा म्हणाले.

त्या वेळी सुकन्या पतसंस्थेच्या खिडकीत बसून लोकांची पासबुके भरत होती.

संध्याकाळी तिने माझे झाकण पाहिले. सूरजच्या नावाखाली तिच्या नावाचा शेवटचा काना अजून दिसत होता. मला घासून, पुसून तिने सूरजच्या ट्रंकेत ठेवले. तो शिकला, पुण्यातच नोकरीला लागला, आणि मी परत येऊन आबांचा डबा झालो. सुकन्या मात्र तिथेच, त्याच खिडकीत.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना पोचा आला तर ठोकून काढता येतो. पण घरात कुणाला थांब म्हणाल, तर कुठवर तेही सांगा. आणि ती वेळ आली की तुम्हीच उठून सांगा, त्या माणसाला विचारायला लावू नका.

आबांचा दहावा झाला. सुकन्या परड्यात भांडी घासत होती. तिचे चुलते बिरदेवतात्या ओट्यावरून आबांचे नाव घेऊन म्हणाले, "दत्तोबानं तुला पोरावाणी वागवलं. शिकवलं, नोकरीला लावलं. नशीबवान हायस, बाय."

तिने मला खाली ठेवले. ओल्या हातानेच ती आत गेली आणि आबांच्या फोटोसमोर उभी राहिली. सूरज तिथेच बसला होता, सिंधुबाईही होत्या.

"आबा, तुमी थांब म्हणलात, मी थांबले. सूरज शिकून आला तरी थांबले," ती म्हणाली. "मला वाटायचं, आता पुण्याला जा म्हणायचं तुमचं राहून गेलं. राहून न्हाय गेलं, आबा. तुमी म्हणणारच नव्हता."