साधी सहा अंडी

भारतीने अकरावे अंडे खोक्याच्या भोकावर धरले. खोक्यात साठ वॅटचा दिवा होता. कवचातून तांबूस उजेड आला, त्यात शिरांचे जाळे दिसले आणि त्या जाळ्यात एक काळसर ठिपका दचकून बाजूला सरकला. जिवंत. मग बारावे धरले. तेही जिवंत.

ती स्टुलावर बसली. सहा अंड्यांवर पेन्सिलीने 'प्र' लिहिले होते, म्हणजे प्रक्रिया केलेली. सहांवर 'सा', म्हणजे साधी. 'प्र'ची सगळी जगलेली पाहून तिला झालेला आनंद दहा मिनिटेही टिकला नव्हता. साधी अंडी कालपर्यंत मरायला हवी होती.

संगमनेरच्या या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या राधाकृष्ण सरांनी आठ वर्षांपूर्वी हे यंत्र करायला घेतले होते. काचेने मढवलेल्या दोन पट्ट्या आणि नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून करवून आणलेला ट्रान्सफॉर्मर, निऑनच्या पाट्यांना लागतो तसला. खटका दाबला की पट्ट्यांमधल्या फटीत जांभळा उजेड थरथरायचा. सर त्याला थंड प्लाझ्मा म्हणत. त्याने काही भाजत नाही, पण विषाणू मात्र मरतो, असे ते सांगत. त्यांची पत्नी पुष्पावतीबाई काविळीने गेली होती. तपासणीसाठी घशातून घातलेल्या नळीतून ती कावीळ आली, अशी सरांची खात्री होती, आणि अशी नळी उकळता येत नाही, खराब होते, हे त्यांना कुणा डॉक्टरने सांगितले होते. न उकळता नळी शुद्ध करायची, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

काविळीचा विषाणू हाताळायची सोय कॉलेजात कुठली? म्हणून ते कोंबड्यांच्या मानमोडी रोगावरच्या लसीतला जिवंत विषाणू वापरत. मोठ्या कोंबडीला तो सोसतो, अंड्यातल्या पिल्लाला मात्र तीन-चार दिवसांत मारतो. जांभळ्या उजेडात धरलेला थेंब सहा अंड्यांत टोचायचा, तसाच ठेवलेला दुसऱ्या सहांत. याआधी दोनदा बाराही अंडी मेली होती, म्हणजे यंत्राने काही केले नव्हते. या वेळी बाराही जगली, म्हणजे लसच मेलेली होती. मागच्या आठवड्यात, ही अंडी आणण्याआधी, दीड दिवस वीज नव्हती. फ्रीजमधल्या बर्फाचे पाणी झालेले भारतीने पाहिले होते. नवी लस मागवू या, असे ती म्हणालीही होती.

"दिवस कुठे उरलेत?" सर म्हणाले होते.

उद्या पुण्याहून समिती यायची होती. समितीला काही दाखवता आले तर काम पुढे चालणार होते, नाहीतर ही खोली कॉम्प्युटरच्या वर्गाला जाणार होती. मार्चमध्ये सर निवृत्त होत होते. त्यांची मदतनीस म्हणून भारतीची नेमणूक तर या कामापुरतीच होती. पण आत्ता तिच्या डोळ्यांसमोर स्वतःची नोकरी नव्हती. बाकीचे प्राध्यापक तिला काचसामान धुणारी बाई समजत. एकटे सर चहा आला की आधी तिच्यासाठी खुर्ची ओढत.

दारात शिपाई मच्छिंद्र उभा राहिला.

"म्याडम, साडेपाच झालं. कुलूप लावू का?"

"मी लावते, मच्छिंद्रभाऊ. तुम्ही जा."

त्याची पावले जिन्यावरून उतरली. तिने 'सा'ची सहा अंडी उचलली आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. दार लागले. आतून आवाज येण्यासारखे काही नव्हते, तरी ती दाराला तळहात टेकवून बराच वेळ उभी राहिली.

सकाळी आठलाच येऊन तिने ती पुन्हा उबवणी पेटीत ठेवली, हाताला गार लागू नयेत म्हणून. साडेनऊला सर आले. इस्त्रीचा बुशशर्ट घातला होता, गालावर दाढी करताना कापल्याची खूण होती. त्यांनी 'सा'चे अंडे दिव्यावर धरले. शिरा विरून गेल्या होत्या. हालचाल नव्हती. मग दुसरे. मग 'प्र'चे एक, आणि त्यातला ठिपका हलताच ते स्टूल ओढून बसले.

"भारती, आठ वर्षं गं," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

तिने मान हलवली.

"यातलं एक फोडू या. रक्ताळलेलं डोकं पाहिलं की त्यांना वेगळं सांगायला नको."

"राहू द्या ना सर. वास सुटेल."

"सुटू दे."

त्यांनी कवचाची टोपी कापली आणि आतले बशीत ओतले. पिल्लू पांढरेफटक होते. डोक्यावर, मानेवर, पोटाशी कुठेही रक्ताचा एक डाग नव्हता. सरांनी चिमट्याने ते उलटे केले, मग पुन्हा सुलटे केले. मागची मेलेली चोवीस अंडी त्यांनी स्वतः फोडून पाहिली होती, प्रत्येकातले पिल्लू रक्ताळलेले होते. त्यांनी फ्रीजकडे पाहिले. मग तिच्याकडे.

त्यांनी विचारावे म्हणून ती थांबली. एका शब्दाने विचारले असते तरी तिने सगळे सांगून टाकले असते. रागावले असते तर बरे वाटले असते.

"सर, गाडी आली," मच्छिंद्र दारातून म्हणाला. "पाव्हणे उतरल्यात."

सर उठले. बशी बादलीत रिकामी केली. नळाखाली हात धुतले, पुन्हा साबण लावून धुतले, रुमालाने एकेक बोट पुसले. नोंदवहीत आजच्या तारखेसमोरचा रकाना कोराच होता, तिचा हात धजावला नव्हता. सरांनी उभ्या उभ्याच 'सा'च्या सहा ओळींत वरपासून खालपर्यंत 'मृत' लिहिले. अक्षर नेहमीसारखेच सुबक होते.

"बाकीची फोडू नकोस," ते म्हणाले. "मागे नेऊन पूर."

तिने अंडी डब्यात भरली. ती दारापर्यंत पोहोचते तोच पाहुणे वर आले, दोन पुरुष आणि एक बाई. जांभळा उजेड पाहून तिघांनीही माना डोलावल्या. बाईंनी वही पुढे ओढून रकान्यांवरून बोट फिरवले.

"अंडी रोज कोण तपासत होतं?"

सर वळले. चेहऱ्यावर हसू होते, पण त्यांनी भारतीच्या डोळ्यांकडे पाहिले नाही.

"या आमच्या भारती पगारे," ते म्हणाले. "सगळं यांच्याच हातचं आहे."

हातातला डबा खाली न ठेवताच तिने नमस्कार केला.