कुरतडलेल्या तीन ओळी

मी वाचनतक्ता बोलतोय. भरभर बोलतो, सांभाळून घ्या. एका जागी स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नव्हतं. हल्ली मला शाळेच्या व्हरांड्यातल्या माठावर झाकण म्हणून ठेवतात, तर तिथेही दर दोन मिनिटांनी कुणीतरी उचलतंच!

माझा जन्म माणिकपूरचा, स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानातला. एका बाजूला अक्षरं आणि शब्द, दुसऱ्या बाजूला आठ ओळींची गोष्ट. गरम यंत्रातून प्लास्टिक चढवून बाहेर पडलो, तोच पापडी गावच्या इनेझ टीचरनी मला पिशवीत टाकलं आणि रिक्षा पकडली. खाडीकडची दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथी. तिथे मी पाच वर्षं चाकरी केली.

काम सोपं होतं. एकेका मुलानं पुढ्यात यायचं, मला हातात धरायचं आणि वाचायचं. अक्षरं ओळखली तर वहीत नावापुढे ‘अक्षर’, शब्द जमले तर ‘शब्द’, गोष्ट धडाधड वाचली तर ‘गोष्ट’. टीचरच्या मांडीवर वही, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये घड्याळ पळतंय. मूल घामाघूम, टीचर घाईत आणि मी दोघांच्या मधे थरथरतोय. अशा गडबडीत माझ्याकडे बघायला वेळ कुणाला होता?

गोष्ट तुम्हालाही सांगतो. काकांची बकरी एक दिवस त्यांची छत्री खाते. काका भिजतात, शिंकतात, तिच्यावर रागावतात. शेवटच्या तीन ओळींत काका नवी छत्री आणतात, पण बकरी ती खात नाही. छत्रीखाली येऊन गुपचूप उभी राहते. गोष्ट गोड आहे, नाही कशाला म्हणू? पण दर वर्षी तीच! थोरल्या बहिणींनी धाकट्यांना शिकवली, धाकट्यांनी शेजारच्यांना. मुलं अंगणात शाळा-शाळा खेळताना एकीनं टीचर व्हायचं आणि दुसरीनं बकरीची गोष्ट म्हणायची. बकरी गावभर झाली आणि मी मात्र कपाटात.

तेजस्वीला ती गोष्ट तिच्या थोरल्या बहिणीनं, जिजाताईनं शिकवली, शाळेत नाव घालायच्या आधीच. तेजस्वी म्हणजे खाडीकाठच्या शेतकऱ्यांची पोर, चुणचुणीत, दोन वेण्या, बोलायला लागली की थांबायची नाही. पहिलीतच तिच्या नावापुढे ‘गोष्ट’ लागलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. तिचा अंगठा माझ्या तिसऱ्या ओळीवर दाबून ठेवलेला होता आणि ती ओळ ती अंगठ्याखालूनच खडखडा म्हणत होती.

वाचणारं मूल मला लगेच कळतं. ते बोट सरकवतं, अडखळतं, मागे जातं, एका अक्षरापाशी श्वास रोखून बसतं. तेजस्वीची नजर माझ्यावर कधी टेकलीच नाही. ती खिडकीबाहेर, टीचरच्या कानातल्यांवर, छपरावर. दुसरी गेली, तिसरी गेली, दर वेळी ‘गोष्ट’. मी तिच्या हातात वाकायचो, निसटायचो, एकदा तर मुद्दाम खाली पडलो. तिनं उचललं आणि पुढची ओळ सुरू! चौथी संपली की ती माणिकपूरच्या मोठ्या शाळेत जाणार होती. तिथे जाड जाड पुस्तकं आणि बकरीला ओळखणारं कुणी नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. सगळं मला माहीत होतं आणि तोंड मात्र नव्हतं.

शेवटी माझं काम उंदरानं केलं. दिवाळीच्या सुट्टीत तो कपाटात शिरला आणि मला खालून कुरतडून गेला. शेवटच्या तीन ओळी त्याच्या पोटात. बकरीनं छत्री खाल्ली, उंदरानं बकरी खाल्ली!

सुट्टी संपली तशी मुख्याध्यापक चंद्रहास सरांची घाई सुरू झाली. “इनेझ टीचर, संध्याकाळपर्यंत वाचनाचे आकडे ॲपवर गेले पाहिजेत हां. उद्या तालुक्याचे साहेब तपासणीला येतायत.”

टीचरनी मला न बघताच पहिल्या मुलाच्या हातात दिलं. त्यानं आठ ओळी म्हटल्या. दुसरीनं आठ म्हटल्या. माझ्या अंगावर पाचच होत्या! टीचर वहीत ‘गोष्ट’, ‘गोष्ट’ लिहीत गेल्या. त्यांनाही ती इतकी पाठ होती, की बघायची गरजच वाटली नाही. सहाव्या नंबरावर तेजस्वी. तिनं एका दमात गोष्ट संपवत आणली. मला परत घ्यायला टीचरनी हात पुढे केला, खाली नजर गेली आणि हात तिथेच राहिला. तेजस्वीच्या तोंडी बकरी छत्रीखाली येऊन उभी होती, पण कागदावर ती ओळच नव्हती.

टीचरनी मोबाईल बंद केला. सगळ्यांना खेळायला सोडलं. मग तेजस्वीच्या शेजारी खाली बसल्या आणि माझ्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “तेजू, फक्त हा एक शब्द सांग बाळा. घाई नाही.”

तेजस्वी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाली.

“नको, फक्त हा.”

पहिल्यांदाच तिची नजर माझ्यावर टेकली.  मग खूप हळू म्हणाली, “टीचर, मना वाचाला येत नाय. जिजाताईला नका सांगू.”

इनेझ टीचरचे डोळे भरले. “चूक तुझी नाही गं. चार वर्षं मी बघितलंच नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांनी वहीत नावांपुढे लिहिलेलं ‘गोष्ट’ खोडलं, फळ्यावर नवीनच चार ओळी लिहिल्या आणि सगळ्यांना पुन्हा एकेक बोलावलं. संध्याकाळी चंद्रहास सर वही बघून उडालेच. “हे काय टीचर? गेल्या वर्षी आपण तालुक्यात पुढे होतो!”

“आपण नाही सर, बकरी पुढे होती,” टीचर म्हणाल्या.

सरांनी पुन्हा वहीची पानं उलटली. मग चष्मा पुसून म्हणाले, “पाठवा. आहे तसंच पाठवा.”

त्या दिवशी माझी नोकरी सुटली. तेजस्वी रोज मधल्या सुट्टीत टीचरजवळ बसू लागली, एकेका अक्षराशी झटापट करू लागली. मी माठावर. जाताजाता एकच मागणं: लेकरू वाचत असलं की घड्याळाकडे बघू नका हो, त्याच्या बोटाकडे बघा.

परवाचीच गोष्ट. तेजस्वी पाणी प्यायला आली, मला उचललं आणि थबकली. मागे रांग ओरडत होती, “ए, पानी पिऊ दे ना!” तिला ऐकूच गेलं नाही. तिनं बोट टेकवलं. “का... कां... कांची... का-कां-ची... ब... बक... बकरी!” किती वेळ लागला म्हणून सांगू! घड्याळवाल्यांनी तिला नापासच केलं असतं. एकेक ओळ उतरत बोट कुरतडलेल्या कडेशी आलं. पुढच्या तीन ओळी तिला झोपेतून उठवून विचारल्या तरी येतात.

“पुढं काय लिवलेलं नाय,” ती म्हणाली, आणि थांबली.