डोक्यावरचं टेंगूळ आणि डावीकडचं वळण

स्त्रातिस बास्केटबॉलच्या खांबावर आपटला तेव्हा मी शाळेच्या खिडकीतच उभी होते. खांब त्या अंगणात चाळीस वर्षं उभा आहे, जागचा हललेला नाही. तरी दर वर्षी कुणीतरी त्याच्यावर जाऊन आपटतंच. आमच्या बेटावरच्या पोरांना समुद्रात दगड कुठे आहे ते डोळे मिटून कळतं, जमिनीवर मात्र सगळा आनंदीआनंद.

मी धावत खाली गेले. कपाळावर चांगलं लिंबाएवढं टेंगूळ. रक्त नाही. कँटीनच्या फ्रीजमधून मटारची गोठलेली पिशवी आणून कपाळावर दाबली आणि त्याची तपासणी सुरू केली.

"मळमळतंय?"

"नाही बाई."

"एकाचे दोन दिसतात?"

"नाही."

"सात आठे?"

"चोपन्न."

चोपन्न तो आदल्या आठवड्यातही म्हणाला होता, म्हणजे डोकं होतं तसंच होतं. माझा जीव भांड्यात पडला.

आता प्रश्न आला कळवण्याचा. मंत्रालयाचं पत्रक सांगतं, डोक्याला मार लागला की आईवडिलांना ताबडतोब फोन. पत्रक लिहिणारे अथेन्समध्ये बसतात. त्यांना काय माहीत, इथे एका फोनने काय काय होतं. मी मुख्याध्यापिका झाल्यापासून कुणाला कधी कळवायचं ते मीच ठरवत आले, आणि उगीच खोटं कशाला बोलू, मला त्यात मजाही यायची.

"बाई, आईला नका सांगू," स्त्रातिस पिशवीखालून म्हणाला. "आज तिची गाडीची परीक्षा आहे."

त्याच्या आईची, आसिमिनाची, ही चौथी खेप. तीनदा ती गाडी मागे घेऊन लावताना नापास झालेली. परीक्षक मोठ्या बेटावरून बोटीने येतो, आणि यायला त्याला महिनोन्‌महिने लागतात. इकडे नगरपालिकेने तिला काम देऊ केलं होतं: डोंगरातल्या वाड्यांवर घरोघर जायचं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची. अट एकच, लायसन्स. महिनाअखेरपर्यंत नाही मिळालं तर काम दुसरीला. नवरा जहाजावर, त्याचे पैसे कधी येतात, कधी नाही. या कामावर तिने आयुष्य टांगलं होतं म्हणा ना.

मग मी विचार केला. आसिमिना मुळात घाबरट. पोराच्या डोक्याला लागलं म्हटल्यावर तिच्या हातातून स्टिअरिंग सुटेल. म्हणून मी तिला सोडून तिच्या सासूला फोन केला.

कलिरोई आजी म्हणजे अख्ख्या बेटाची दृष्ट काढणारी बाई. फोनवरूनसुद्धा काढते. तिकडे वाटीत पाणी, पाण्यात तेलाचा थेंब, तोंडात पुटपुट, आणि इकडे ज्याला लागलीय त्याने फोन कानाला लावून गप्प उभं राहायचं. तिला जांभया आल्या की समजायचं, दृष्ट जबरदस्त होती.

"आजी, काही विशेष नाही, स्त्रातिसला जरासं टेंगूळ आलंय," मी म्हटलं.

"कोणी कौतुक केलं त्याचं?"

"कोणी नाही. खांबावर आपटला."

"कौतुक झाल्याशिवाय कोणी खांबावर आपटत नाही. दे त्याच्याकडे फोन."

दिला. आजीच्या जांभया मला टेबलापलीकडून ऐकू येत होत्या. "फार वाईट नजर होती गं," ती शेवटी म्हणाली आणि फोन ठेवला. मी कॉफी टाकली. पत्रकाचंही झालं, आसिमिनाची परीक्षाही वाचली, काय डोकं चालतं माझं, असं स्वतःलाच म्हणाले.

आजीने फोन ठेवला तो दुसरा फोन करायला. बहिणीला म्हणाली, पोराला भयंकर नजर लागलीय, शाळेत पडला. बहिणीने बेकरीत सांगितलं, डोकं फुटलंय. बेकरीवाली म्हणाली, टाके घालायला इथे डॉक्टर कुठे आहे, मोठ्या बेटावर न्यावं लागेल. कॅफेवाल्या पांदेलिसपर्यंत पोचेतो हेलिकॉप्टर निघालेलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच परीक्षेची गाडी चौकात आली. आसिमिना चालवतेय, शेजारी गाडी शिकवणारा मास्तर, मागच्या सीटवर परीक्षक पोलिक्रोनिस साहेब मांडीवर टॅबलेट घेऊन. तिचा फोन बंद करून मास्तरांच्या खिशात. साहेब नुकतेच म्हणाले होते, "डावीकडे, बंदराच्या दिशेने." तेवढ्यात पांदेलिस हातातल्या ट्रेसकट गाडीसमोर उभा राहिला.

"आसिमिना, इथे काय फिरतेस? तुझ्या पोराला हेलिकॉप्टरने नेतायत."

ती उजवीकडे वळली. उजवीकडे शाळेकडे येणारी चर्चची गल्ली. एकेरी, आणि समोरून येण्यासाठी. मास्तर नंतर सांगत होते, मी ब्रेकवर पाय ठेवला होता, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की पाय आपोआप उचलला गेला.

मी कॉफीचा दुसरा घोट घेत होते. गाडी फाटकापाशी आली. कचऱ्याचा डबा आणि पाद्रीबुवांची मोटार यांच्यामध्ये जेमतेम जागा होती. आसिमिनाने गाडी पुढे घेतली, मान वळवली, आणि एका दमात मागे घेऊन त्या जागेत बसवली. दोन्हीकडे वीतभर अंतर. मग दार उघडं टाकून धावत आत आली.

स्त्रातिस पायरीवर बसून चीज भरलेली तिरोपिता खात होता. ओठाला चीज लागलेलं.

तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, फिरवून बघितलं, टेंगूळ चाचपलं. मग त्याच्या शेजारी बसली आणि हमसाहमशी रडायला लागली.

तोवर पोलिक्रोनिस साहेब आले. चेहरा पांढराफटक. "बाईसाहेब, मुलगा बरा आहे, आनंद आहे. पण मी डावीकडे म्हणालो होतो. शिवाय एकेरी रस्ता. नापास." आणि बोट टॅबलेटकडे नेलं.

फाटकात कलिरोई आजी उभी होती, हातात तेलाची बाटली. मागे पांदेलिस, ट्रे अजून हातातच. आजीने सगळं ऐकलं. मग साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काय उंचापुरा माणूस आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "आणि डोळे काय सुंदर. या वयात एक केस पिकलेला नाही."

आणि थांबली. थुंकली नाही. आमच्याकडे कौतुकानंतर तीनदा थू थू करायचं राहिलं, तर ते कौतुक माणसाला बाधतं.

साहेबांचं बोट हवेतच राहिलं.

"सूट तर काय शोभतोय," पांदेलिस म्हणाला. तोही थुंकला नाही.

मी सरकारी नोकर आहे. पण मीही म्हटलं, "आवाज किती भारदस्त. आणि तब्येत कशी ठणठणीत ठेवलीय."

साहेबांचा हात खिशात गेला. किल्ल्यांना नजर लागू नये म्हणून निळा मणी असणार, मी पैज लावते. "थुंका की आता," ते आजीला म्हणाले.

"तोंडाला कोरड पडलीय हो, साहेब. सकाळपासून नातवाची काळजी."

"परतीची बोट चारची ना?" पांदेलिसने विचारलं. "आज वारा जरा जास्तच आहे."

साहेबांनी कपाळ चोळलं. "डोकं जड झालंय," ते हळूच म्हणाले. मग बराच वेळ कचऱ्याच्या डब्याकडे आणि गाडीकडे बघत राहिले. "गाडी लावली मात्र बिनचूक. आणि अजून मी काही लिहिलेलं नाही. परीक्षा बंदरावर संपते. हिने मला बंदरावर नेलं, सरळ रस्त्याने, तर बघू."

आजीला लगेच पाणी सापडलं, वाटी सापडली. आणि जांभया अशा आल्या की जबडा निखळेल असं वाटलं.

आसिमिनाने डोळे पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आभार मानणार.

"बाई, माझ्या पोराच्या डोक्याला लागलं आणि तुम्ही मला सोडून सगळ्या बेटाला सांगितलंत."

"मी फक्त एकीलाच सांगितलं."

"माझ्या सासूबाईंना सांगायचं म्हणजे चर्चची घंटा वाजवायची. तुम्हाला माहीत नाही?"

"अगं, तुझी परीक्षा होती. तू घाबरली असतीस."

"घाबरले असते. मग विचारलं असतं, रडतोय का, उलटी झाली का. तुम्ही म्हणाला असतात, खातोय. आणि मी डावीकडे वळले असते." ती थांबली नाही. "मी घाबरट आहे हे तुम्ही ठरवलंत. मला विचारलं कोणी? आई मी आहे ना?"

अंगणातली पोरं बघत होती, मी मटारची पिशवी उचलली आणि पुन्हा स्त्रातिसच्या कपाळावर धरली. ती वळली, गाडीत बसली, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि साहेबांना डावीकडून बंदरावर घेऊन गेली.

पुढच्या महिन्यात स्त्रातिस भिंतीवरून पडला. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. पत्रकाप्रमाणे गुडघ्यासाठी फोन करावा लागत नाही. तरी मी केला.

"एक मिनिट, बाई," पलीकडून आसिमिना म्हणाली. "गाडी कडेला घेते." इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं, मग डोंगरातल्या बकऱ्यांच्या घंटा. "हं, बोला. डोकं?"

"गुडघा. खरचटलंय. मी धुऊन पट्टी बांधली."

"रडतोय?"

"रडला थोडा. आता खेळतोय."

"मग नाही येत. इथे एका आजोबांना अजून आंघोळ घालायचीय." इंजिन पुन्हा सुरू झालं. "सांगितलंत ते बरं केलंत."